अर्ध्या हॉर्सपॉवरची तूट

हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला तीस वर्षे होत आली होती. त्या उन्हाळ्यात चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका पत्र्याच्या शेडमध्ये मोटारीच्या तीन इंजिनांची हॉर्सपॉवर मोजण्यात आली. तिन्ही इंजिनांवरच्या कंपनीच्या पट्टीवर पन्नास हा आकडा होता. मोजणीत पाच टक्के कमी भरले तरी चालणार होते, म्हणजे साडेसत्तेचाळीस भरणे आवश्यक होते. तिन्ही इंजिने त्याच्या खालीच राहिली. शेड माझ्या दाजींची होती. मोजणीतली चूक माझी होती. ती मला अकरा वर्षांनी कळली.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मूळचे सोयगावकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. मुंबईत मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात ते बारा वर्षे होते. तयार झालेले प्रत्येक इंजिन गाडीत बसवण्यापूर्वी चालवून पाहायचे आणि त्याची ताकद लिहून द्यायची, हे त्यांचे काम. मुंबईची दमट हवा आक्काला सोसेना, म्हणून ते नोकरी सोडून औरंगाबादला आले. तेव्हा एक मोटार कंपनी गावोगावच्या कारखानदारांना जुनी इंजिने नव्यासारखी करून देण्याची मान्यता देत होती. अट एकच. दुरुस्त केलेली तीन इंजिने कंपनीच्या इन्स्पेक्टरसमोर मोजून दाखवायची. त्यासाठी दोन संधी मिळणार होत्या.

दाजींनी मान्यता मिळण्याआधीच शेड घेतली. एका मिस्त्रीला सोबत घेतले. मिस्त्री शहागंजमागच्या गल्लीत राहत असे आणि दाजींपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा होता. सिलिंडरमध्ये बोट फिरवून तो किती झिजला आहे ते सांगणारा माणूस, अशी त्याची ख्याती होती. दाजी मापाने तेच तपासत आणि मिस्त्रीचे बोट बहुतेक वेळा बरोबर निघे.

"दोन डाव हायेत," दाजी मला म्हणाले होते. "दोन्हीत पडलो तर पाना खाली ठिवीन. मग इंजिन उघडायचं नाय. दुसऱ्याचं पण आन् आपलं पण."

हे त्यांनी आक्कासमोर, जेवताना सांगितले. आक्का म्हणाली, "असं कशाला बोलायचं?" दाजी बोलण्यापुरते बोलत नसत, हे तिला आणि मला दोघांनाही माहीत होते.

हॉर्सपॉवर मोजणे म्हणजे काय, हे मी त्या शेडमध्ये पाहिले. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून लिलावात घेतलेला पाण्याचा ब्रेक तिथे बसवला होता. एक गोल लोखंडी पेटी, आत पाणी आणि पाण्यात फिरणारे पात्यांचे चाक. इंजिन ते चाक फिरवते. पाणी विरोध करते आणि त्या ओढीने पेटीच फिरू पाहते. पेटीला बाहेर एक दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला वजनाचा काटा. इंजिन जितक्या जोराने पेटी फिरवू पाहील, तितके वजन काट्यावर येते. ते वजन, मिनिटाचे फेरे आणि दांड्याच्या लांबीवरून ठरलेला एक आकडा, एवढ्यावर हिशेब होतो. घोड्याचा संबंध फक्त नावापुरता. इंजिनाची सगळी ताकद शेवटी पाणी तापवण्यात जाते. ते पाणी शेडमागच्या हौदात सोडलेले असे. संध्याकाळी मिस्त्री त्या पाण्याने हातपाय धुऊन घरी जाई.

हिशेब तिथे संपत नाही. इंजिन पेट्रोलबरोबर हवा खाते. हवा तापलेली किंवा विरळ असेल तर प्रत्येक घोटात कमी हवा आत जाते आणि तेच इंजिन कमी ताकद देते. म्हणून पट्टीवरचा आकडा एका ठरावीक हवेतला असतो. तापमान वीस अंश, दाब एक हजार तेरा मिलिबार. प्रत्यक्षातली हवा वेगळी असेल तर मिळालेल्या आकड्याला त्या प्रमाणात गुणायचे. तापमानासाठी दाजींकडे थर्मामीटर होता. दाबासाठी कॉलेजच्या लिलावातच एक पाऱ्याचा बॅरोमीटर मिळाला होता, पण टेम्पोतून आणताना त्याची नळी फुटली. मिस्त्रीने पारा फळ्यांच्या फटींतून गोळा करून औषधाच्या बाटलीत भरला. त्याचा पुढे काही उपयोग झाला नाही.

मी तेव्हा शहरातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. रोज सकाळी साडेनऊला हवामान कार्यालयाला फोन करून कमाल, किमान आणि पाऊस लिहून घेणे हे माझ्याकडे असलेले सर्वांत किरकोळ काम होते.

दाजींनी विचारले, "पाव्हणं, त्या हवामानवाल्यांकडं हवेचा दाब असतोय का?"

"असतो. आम्ही छापत नाही."

"मला रोज सांगाल का? शेजारच्या तेलगिरणीत फोन हाय. धाला मी तिथं बसतो."

दुसऱ्या दिवशी मी हवामान कार्यालयातल्या कारकुनाला दाब विचारला. तो म्हणाला, "फॉर्मवर दोन आकडे आहेत. कुठला देऊ?"

मी म्हणालो, "सगळीकडे देतात तो."

त्याने एक हजार चार सांगितला. मी तो परत म्हणून दाखवला, त्याने होकार दिला. आकडा दोनदा तपासून घेण्याची मला सवय लावलेली होती. कोणता आकडा आहे हे विचारण्याची कोणी लावली नव्हती.

सगळीकडे देतात तो आकडा समुद्रसपाटीचा असतो. औरंगाबाद समुद्रापासून जवळजवळ दोन हजार फूट उंच आहे. इथली हवा त्या मानाने विरळ, आणि इथल्या पाऱ्यावरचा खरा दाब उन्हाळ्यात नऊशे चाळीसच्या आसपास असतो. पण हवामानाच्या नकाशावर सगळी गावे एकाच उंचीवर असल्यासारखी धरावी लागतात. म्हणून कार्यालयातला माणूस तक्ता पाहून उंचीचा फरक मिळवतो आणि मग आकडा पुढे पाठवतो. इंजिन मात्र नकाशातली हवा खात नाही, शेडमधली खाते. त्या शेडमध्ये नऊशे चाळीस मिलिबारची हवा होती आणि मी रोज दहा वाजता दाजींना एक हजार चार सांगत होतो.

दाजींना शंका यायला हवी होती, असे नंतर एकाने मला सांगितले. ती आली नाही, कारण त्यांची बारा वर्षे समुद्राकाठी गेली होती. तिथल्या भिंतीवरचा बॅरोमीटर वर्षभर हजाराच्या आसपासच फिरे. एक हजार चार हा आकडा त्यांना ओळखीचा होता.

पहिली मोजणी मे महिन्यात झाली. कंपनीचे इन्स्पेक्टर मुंबईहून आले. ते सावकाश काम करणारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी ब्रेकचा काटा स्वतः वजने लावून तपासला. इंजिनांवर पंखा, डायनॅमो, एअर फिल्टर, सायलेन्सर सगळे बसवलेले आहे ना, हे पाहिले. शेडमध्ये चाळीस अंश होते.

"दाब कोणता धरलात?" त्यांनी विचारले.

"हजार चार."

"कुठून घेतला?"

दाजींनी माझ्याकडे हात केला. "हे पेपरात हायेत. हवामान खात्याकडून रोज घेत्यात."

"मग अधिकृतच झाला," असे म्हणून इन्स्पेक्टरांनी तो लिहिला.

ब्रेकवर पहिल्या इंजिनाने पंचेचाळीस हॉर्सपॉवर दाखवली. उष्णतेची आणि दाबाची दुरुस्ती करून आकडा शेहेचाळीस पूर्णांक नऊ झाला. साडेसत्तेचाळीसला अर्ध्याहून थोडी जास्त तूट. दुसरे इंजिन शेहेचाळीस पूर्णांक चार, तिसरे शेहेचाळीस पूर्णांक आठ. खरा दाब धरला असता तर पहिले इंजिन पन्नासच्या किंचित वर गेले असते. इन्स्पेक्टर सही करून, दाजींशी हात मिळवून परत गेले असते.

ते परतच गेले, पण कागदावर अनुत्तीर्ण असे लिहून. जाताना म्हणाले, "काम स्वच्छ आहे तुमचं. कुठंतरी थोडं निसटतंय. पाहा, सहा आठवडे आहेत."

त्या सहा आठवड्यांत दाजींनी निसटलेले काय ते शोधले. इंजिनात काही निसटले नव्हते, त्यामुळे ते कुठेही सापडू शकत होते. त्यांनी तिन्ही इंजिने खाली उतरवून उघडली. पिस्टनच्या रिंगा काढल्या, मापल्या, मापात असूनही बदलल्या. व्हॉल्व्ह पुन्हा घासले. कार्ब्युरेटरची पेट्रोल सोडणारी जेट तीन मापांत लावून पाहिली. प्रत्येक बदलानंतर ब्रेकवर चालवले, दहा वाजता माझ्याकडून दाब घेतला आणि गुणाकार केला. आकडा साडेसत्तेचाळीसच्या खालीच राहिला.

मिस्त्री पहिले काही दिवस हे थट्टेवारी नेत होता. इंजिन सुरू असताना त्या आवाजात तो दाजींच्या कानाशी ओरडून बोले.

"पंखा निकाल देव ना सेठ. दो घोडे तो ये पंखाच खा रा."

त्याचे म्हणणे खरे होते. पंखा, डायनॅमो आणि सायलेन्सर काढून इंजिन उघडेबोडके मोजले तर आकडा मोठा येतो. काही कंपन्या जाहिरातीत तसाच आकडा छापत. पट्टीवरचा आकडा मात्र सगळे अंगावर घालून मोजलेला होता.

"गाडीत पंखा नसतो व्हय?" दाजी म्हणाले.

"गाडी में तो इन्स्पेक्टर भी नै बैठता."

दाजी हसले. त्या सहा आठवड्यांत ते हसलेले मी तेवढेच पाहिले.

चौथ्या आठवड्यात थट्टा बंद झाली. दाजी मिस्त्रीने बसवलेली प्रत्येक वस्तू पुन्हा मापू लागले. आधीही मापत, पण तेव्हा दोघे मिळून मापत आणि बोटाचा अंदाज बरोबर आला की मिस्त्री बिडी शिलगावी. आता दाजी पाठ फिरवून एकटे मापत. मिस्त्री बाकावर बसून राही. एकदा मी असताना तो म्हणाला, "सेठ, मेरे पे शक है तो बोलो." दाजी म्हणाले, "शक नाय मिस्त्री. आकडा बगा की." त्यांनी कागद पुढे केला. मिस्त्रीला वाचता येत नव्हते, हे त्या क्षणी दाजी विसरले असावेत. मिस्त्रीने कागद हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि बाकावर ठेवला.

त्या कागदावरचा दाब माझा होता.

दुसरी मोजणी जूनअखेर झाली. उष्मा कमी झाला होता. एका इंजिनाने ब्रेकवर शेहेचाळीस दिले. मी सकाळी एक हजार तीन सांगितला होता. दुरुस्तीनंतर आकडा सत्तेचाळीस पूर्णांक तीन आला. ती तीन इंजिनांतली सर्वांत चांगली मोजणी होती. इन्स्पेक्टरांनी गुणाकार दोनदा केला, मग दाजींना करायला सांगितला. तेवढाच आला.

"पॉइंट दोन," इन्स्पेक्टर म्हणाले. "माझ्या हातात असतं तर..." त्यांच्या हातात नव्हते आणि दाजींनीही ते मागितले नाही.

इन्स्पेक्टरांची गाडी गेल्यावर दाजी मिस्त्रीकडे वळले. ते ओरडले नाहीत. "मिस्त्री," ते म्हणाले, "तुमचा हात आता पहिल्यासारखा नाय राहिला. माझाबी नाय. दोगांनी थांबलेलं बरं."

मिस्त्रीने आपली हत्यारे एका गोणपाटात बांधली. जाताना तो मला म्हणाला, "सलाम, पेपरवाले." एरवीही तो तेच म्हणत असे.

तिन्ही इंजिने भंगारात गेली. दाजींना ती कोणाच्या गाडीत बसवायची नव्हती. शेड दुसऱ्याने घेतली. काही महिन्यांनी दाजी क्रांती चौकाजवळ मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला लागले. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह तेलकट कागदात गुंडाळून काउंटरवरून द्यायचे, हे काम. गिऱ्हाइकाने विचारले, "बसवून कोण देईल?" तर ते दोन-तीन नावे सांगत. त्यांची स्वतःची स्कूटर बंद पडली तर ती ढकलत गॅरेजवर नेत. प्लग काढून पुसणेसुद्धा त्यांनी सोडले होते. आक्काने एकदा हे मला सांगितले, तेव्हा मी म्हणालो की माणसाला एखाद्या गोष्टीचा कंटाळा येतो. मला तसेच वाटत होते.

अकरा वर्षांनी उन्हाळ्यावर एक लेख लिहायचा म्हणून मी हवामान कार्यालयात गेलो. फोनवरचा कारकून बदलून गेला होता. एका निरीक्षकाने मला उपकरणे दाखवली. भिंतीवरच्या काचेच्या नळीत पारा होता. त्याने वाचून नऊशे एकोणचाळीस म्हटले, मग तक्ता उघडला आणि वहीत एक हजार तीन लिहिले. मी विचारले, हे कसे. त्याने नकाशाचे आणि समुद्रसपाटीचे सांगितले. मी विचारले, इथे एखादे इंजिन चालवायचे असेल तर कुठला आकडा धरायचा. तो म्हणाला, "इंजिन इथं चालणार तर इथला. पण असं विचारतं कोण?"

दाजींच्या मोजणीचे आकडे माझ्याकडे होते, कारण रोजचा दाब मी डायरीत लिहीत असे आणि दोन्ही वेळचे निकालही त्याच डायरीत लिहिले होते. गुणाकाराला दहा मिनिटे लागली. सहापैकी सहा मोजण्या उत्तीर्ण होत्या.

प्रथम आक्काला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"त्यांना सांगू नको," ती म्हणाली. "आता कुठं त्यांना झोप लागायला लागलीय."

"त्यांचा हात बरोबर होता, आक्का. हे त्यांना कळायला नको?"

"कळून काय करतील? अकरा वर्षं मागं जातील?"

मी चार महिने सांगितले नाही. मग सांगितले. वृत्तपत्रात चूक सापडली की ती मान्य करायची असते, असे कारण मी स्वतःला दिले. ते कारण पुरेसे नव्हते, हे आता लिहिताना दिसते. चार महिने ते ओझे माझ्याकडे होते आणि मला ते दुसऱ्याला द्यायचे होते.

दुपारी दुकानात गर्दी नव्हती. दाजींनी माझा कागद घेतला, खिशातून पेन्सिल काढली आणि रिंगांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर गुणाकार पुन्हा केला. पहिला, मग दुसरा. सहाही केले. मी वाट पाहत उभा होतो. ते रागावतील, असे वाटले होते. रागावले असते तर बरे झाले असते.

"हिशेब बरोबर हाय," ते म्हणाले.

"माझी चूक झाली, दाजी."

"व्हय." त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "पण हा कागदावरचा पन्नास हाय. इंजिन ब्रेकवर असतं तर पास म्हनलो असतो. आता ती इंजिनं कुटं हायत?"

त्यांनी कागद मला परत दिला.

ते पुढे म्हणाले, "मिस्त्रीला कोन सांगणार?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघे शहागंजमागच्या गल्लीत गेलो. दाजी अकरा वर्षांत तिकडे गेले नव्हते. घर सापडले. मिस्त्री दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्या धाकट्या भावाचे गल्लीच्या तोंडाशी पंक्चरचे दुकान होते. आम्ही तिथे गेलो. भावाने दाजींना ओळखले. फळी पुसून बसायला दिली.

"भाई ने आपके यहाँ से आने के बाद पाना हाथ में नै लिया," तो म्हणाला. तो ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे शोधत होता, काम थांबवले नव्हते. "लोग बुलाने आते थे. बोलते थे, मेरे हाथ से सेठ का कारखाना बंद हो गया, अब किसी की गाडी नै खराब करनी. आखरी तक येईच बोले. मंडी में हमाली किये, फिर वो भी नै हुई."

दाजी घमेल्यातल्या पाण्याकडे पाहत होते. "तुज्या भावाचा हात चांगला हुता," ते म्हणाले. "इंजिनं चांगली हुती. तिन्ही."

भावाने मान वर केली. "फिर गलती किसकी थी?"

दाजींनी माझ्याकडे पाहिले नाही. मला वाटते, ते माझ्यासाठी जागा सोडत होते.

"मेरी," मी म्हणालो.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "आप मेकॅनिक हैं?"

"नहीं. अखबार में हूँ."

"अखबार का इंजन से क्या ताल्लुक?"

त्याच्या प्रश्नात राग नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचे होते. मी सांगायला सुरुवात केली. समुद्र, समुद्रापासून आपल्या गावाची उंची, वरची हवा विरळ असते, नकाशासाठी आकडा बदलतात. तो ऐकत होता. मध्येच एक सायकलवाला आला, त्याने मागचे चाक दाखवले. भाऊ उठून चाकाकडे गेला आणि तिथूनच म्हणाला, "बोलो साब, सुन रा मैं."

मी पुन्हा समुद्रापासून सुरुवात केली.

"राहू द्या पाव्हणं," दाजी म्हणाले, आणि फळीवरून उठले.